गणितात रद्दी, ऋग्वेदात मानाचं पान : हेर्मान ग्रासमानची गोष्ट

१८६४ साली लायप्झिगच्या ओटो विगांड या प्रकाशकाने एका गणिताच्या पुस्तकाच्या सुमारे ६०० प्रती रद्दीत काढल्या. पुस्तक छापून वीस वर्षं झाली होती आणि ते जवळजवळ विकलंच गेलं नव्हतं. लेखक होता श्टेटीन नावाच्या बंदराच्या गावातला एक शाळामास्तर, हेर्मान ग्युंटर ग्रासमान. आज इंजिनिअरिंगच्या किंवा बीएस्सीच्या पोरांना 'लिनिअर अल्जेब्रा' म्हणून जे शिकवतात, त्यातल्या अनेक मूळ कल्पना त्या रद्दीत गेल्या होत्या.

पुढे नऊ वर्षांनी, १८७३ साली, त्याच लायप्झिगमध्ये ब्रॉकहाउस या दुसऱ्या प्रकाशकाने ह्याच मास्तरच्या एका ग्रंथाचे भाग काढायला सुरुवात केली. तो होता ऋग्वेदाचा शब्दकोश. तो लगेच उचलला गेला आणि आजही वेदाचा अभ्यासक तो हाताशी ठेवतो.

ग्रासमानची गोष्ट सांगताना 'थोर माणसाला जगाने ओळखलं नाही' असा सूर लावायची पद्धत आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. माणूस तोच, शिस्त तीच, चिकाटी तीच. मग एका विषयात रद्दी आणि दुसऱ्यात मान असं का झालं? ह्याचं उत्तर बरंचसं एका गोष्टीत आहे: कोशाची लोकांना गरज होती, आणि बीजगणिताची गरज आहे हे तोवर कोणाला जाणवलंच नव्हतं.

श्टेटीन त्या काळी प्रशियाच्या पोमेरानिया प्रांतात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव श्चेचिन. ग्रासमानचा जन्म तिथलाच, १५ एप्रिल १८०९ चा. बारा भावंडांत तो तिसरा. वडील युस्टुस हे गावातल्या जिम्नेशियममध्ये गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत. (जिम्नेशियम म्हणजे तालीम नव्हे, मुलांना विद्यापीठासाठी तयार करणारी वरच्या दर्जाची शाळा.) लहानपणी हेर्मान इतका मंद आणि विसराळू वाटे, की हा पुढे माळी किंवा कारागीर झाला तरी आपली हरकत नाही, असं वडील म्हणत. मोठा होता होता गाडी रुळावर आली आणि शालान्त परीक्षेत तो दुसरा आला.

१८२७ मध्ये तो बर्लिनला गेला. विषय घेतले ईश्वरविद्या आणि भाषाशास्त्र, म्हणजे ग्रीक-लॅटिनचा अभ्यास. श्लायरमाखर ह्या धर्मचिंतकाची व्याख्यानं त्याने मन लावून ऐकली. गणिताच्या एकाही तासाला तो बसला नाही. ज्याच्या नावाने आज गणितात अर्धा डझन संकल्पना ओळखल्या जातात, तो विद्यापीठात गणित शिकलाच नव्हता. जे शिकला ते वडिलांच्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या बळावर.

आता जर्मनीतली प्राध्यापकीची शिडी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. आधी डॉक्टरेट. मग 'हाबिलिटात्सिओन', म्हणजे आणखी एक मोठा प्रबंध आणि त्यावर व्याख्यान. ते पार पडलं की माणूस 'प्रिव्हाटडोत्सेंट' होतो: विद्यापीठात शिकवायची परवानगी मिळते, पण पगार नाही, तासाला बसणारी पोरं जी फी देतील तीच कमाई. ज्याच्या घरी थोडंफार असेल किंवा ज्याची उपाशी राहायची तयारी असेल, तोच इथे टिके. त्यानंतर सहयोगी प्राध्यापक, आणि शेवटी नशीब असेल तर 'ऑर्डिनारिउस', पूर्ण पगारी अधिकाराचा प्राध्यापक. ह्या वरच्या नेमणुका सरकारी खात्यातून होत आणि खातं आधी एखाद्या मान्यवराचा अभिप्राय मागवी. हा अभिप्राय पुढे ग्रासमानच्या आड येणार होता.

ग्रासमान ह्या शिडीच्या पहिल्या पायरीवरही चढला नाही. डॉक्टरेट नाही, हाबिलिटात्सिओन नाही. १८३० मध्ये तो श्टेटीनला परतला, शिक्षकाची परीक्षा दिली, आणि १८३४ मध्ये बर्लिनच्या एका व्यवसाय-शाळेत त्याला नोकरी मिळाली. ती जागा याकोब श्टाइनर ह्या नावाजलेल्या भूमितीज्ञाने सोडलेली होती. श्टाइनर विद्यापीठात गेला होता. तिथे दीडेक वर्षं काढून ग्रासमान पुन्हा श्टेटीनला आला, आणि पुढे आयुष्यभर त्याच गावात शिकवत राहिला.

वरच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवायचं तर आणखी एक परीक्षा द्यावी लागे. त्यासाठी एक विषय देऊन निबंध लिहायला सांगत. ग्रासमानला विषय आला भरती-ओहोटीचा. ह्या विषयावर लाप्लास ह्या फ्रेंच गणितीने आधीच अवघड गणित मांडून ठेवलं होतं. ग्रासमानने लाप्लास आणि लाग्रांज वाचले आणि लक्षात घेतलं, की आपण गेली काही वर्षं मनात घोळवत असलेली एक पद्धत इथे लावली तर पानंच्या पानं आकडेमोड काही ओळींत आटोपते. १८४० मध्ये त्याने निबंध दिला. परीक्षकांनी त्याला पास केलं. ह्या निबंधात गणिताची एक नवी शाखा आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. तो निबंध छापून यायला १९११ साल उजाडलं.

गुणाकार, पण उलटा केला की चिन्ह बदलणारा

ती पद्धत काय होती? सुरुवात साधी आहे. एका सरळ रेषेवर क, ख, ग हे तीन बिंदू घ्या. ख मध्ये असेल तर कख + खग = कग हे उघड आहे. पण ग जर क आणि ख यांच्या मध्ये असेल तर? नेहमीच्या लांबीने मोजलं तर हे चुकतं. ग्रासमानने म्हटलं, लांबीबरोबर दिशाही धरू या. खग ही उलट्या दिशेची चाल असेल तर ती ऋण धरू. मग बिंदू कुठेही असोत, कख + खग = कग हे नेहमीच खरं. तीन बिंदू एका रेषेत नसले, त्रिकोण झाला, तरीही खरं. आज आपण ह्याला सदिशांची बेरीज म्हणतो आणि अकरावीत शिकतो.

खरी गंमत गुणाकारात आहे. वडिलांनी आपल्या भूमितीच्या पुस्तकात आयत म्हणजे दोन बाजूंचा गुणाकार असं म्हटलं होतं. मुलाने तेच समांतरभुज चौकोनाला लावलं: दोन दिशायुक्त रेषाखंडांचा गुणाकार म्हणजे त्यांनी मिळून व्यापलेलं क्षेत्र. एवढं मान्य केलं की पुढचं आपोआप येतं, आणि ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे.

पूर्वेकडे एक पाऊल ह्याला 'पू' म्हणू आणि उत्तरेकडे एक पाऊल ह्याला 'उ'. कुठल्याही रेषाखंडाला त्याच्या स्वतःशीच गुणलं तर क्षेत्र शून्य, कारण चौकोन चपटाच राहतो. म्हणून पू × पू = ०, उ × उ = ०. आता पू + उ हाही एक रेषाखंडच आहे (ईशान्येकडे जाणारा), तेव्हा त्याचाही स्वतःशी गुणाकार शून्यच हवा:

(पू + उ) × (पू + उ) = पू×पू + पू×उ + उ×पू + उ×उ = ०

पहिलं आणि शेवटचं पद आधीच शून्य. उरलं पू×उ + उ×पू = ०. म्हणजे उ×पू = −(पू×उ).

गुणाकारात क्रम बदलला की चिन्ह बदलतं. १८३०च्या दशकात हे धाडसच होतं. तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन सारखेच, ह्यावर सगळं गणित उभं होतं, आणि हा मास्तर म्हणतोय की असंही एक गणित आहे ज्यात ते सारखे नसतात. त्याला स्वतःलाही आधी हे खटकलं होतं.

हे वापरून पाहू. एक रेषाखंड ३पू + १उ, दुसरा १पू + २उ. त्यांच्यामधल्या चौकोनाचं क्षेत्रफळ किती?

(३पू + उ) × (पू + २उ) = ३ पू×पू + ६ पू×उ + उ×पू + २ उ×उ = ६ पू×उ − पू×उ = ५ पू×उ

उत्तर ५. उंची काढली नाही, कोन मोजला नाही, आकृतीसुद्धा काढली नाही. ज्यांना डिटरमिनंट आठवत असेल त्यांनी पाहावं: ३ × २ − १ × १. तेच. डिटरमिनंटमधलं ते उणे चिन्ह कुठून येतं हे वर्गात बहुधा कोणी सांगत नाही. इथे ते डोळ्यांसमोर तयार होतं.

बारावीत जो 'क्रॉस प्रॉडक्ट' शिकतो तो ह्याचाच चुलतभाऊ. पण क्रॉस प्रॉडक्टचं उत्तर म्हणजे दोघांना लंब असलेला एक बाण, आणि असा एकच लंब आपल्या तीन मितींच्या जगात मिळतो. ग्रासमानचं उत्तर म्हणजे ते क्षेत्रच. तीन रेषाखंड गुणले की घनफळ. चार गुणले की चार मितींमधलं काहीतरी, ज्याचं चित्र काढता येत नाही पण हिशेब बिनचूक होतो. मिती कितीही असोत, नियम तेच. आणि इथे ग्रासमान त्याच्या काळापासून फार दूर निघून गेला. त्याचं म्हणणं असं: आपलं भोवतालचं अवकाश तीन मितींचं आहे हा निसर्गाचा भाग झाला, गणिताने त्याला बांधून का घ्यावं? भूमिती हा ह्या नव्या शास्त्राचा एक उपयोग आहे, पाया नव्हे.

हे सगळं त्याने १८४४ मध्ये छापलं. पुस्तकाचं नाव 'आउसडेनुंग्सलेर', म्हणजे विस्ताराचं शास्त्र.

कोणीच का वाचलं नाही

पुस्तक उघडलं की पहिल्या पानांवर गणित नाही, तत्त्वज्ञान आहे. विचार म्हणजे काय, सारखेपणा आणि वेगळेपणा म्हणजे काय, सलग आणि तुटक यात फरक काय. श्लायरमाखरच्या व्याख्यानांचा तो परिणाम. गणिती वाचक समीकरणं शोधत पानं उलटतो आणि पुस्तक मिटवतो. वर नव्या शब्दांचा मारा. गाउस ह्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जर्मन गणितीला प्रत पाठवली. त्याचं त्याच वर्षी डिसेंबरात उत्तर आलं: ह्या वाटांवरून आपण अर्धशतकापूर्वीच फिरलो आहोत, पण सध्या कामाचा व्याप आहे आणि तुमच्या खास परिभाषेची आधी सवय करून घ्यावी लागेल. सभ्य भाषेतला नकार. लायप्झिगचा गणिती म्योबिउस हा खरं तर ह्या विषयाच्या सर्वांत जवळचा माणूस. त्याला परीक्षण लिहायची विनंती केली, तर त्याने तत्त्वज्ञानाचा भाग आपल्या आवाक्याबाहेरचा आहे म्हणून नकार दिला. शेवटी ग्रुनर्ट नावाच्या संपादकाने ग्रासमानलाच सांगितलं, तुमच्या पुस्तकाची ओळख तुम्हीच लिहून द्या. त्याने ती दिली. त्या पुस्तकावर दुसऱ्या कोणी लिहिलंच नाही.

म्योबिउसने मात्र एक चांगलं काम केलं. लायप्झिगच्या याब्लोनोव्स्की संस्थेने लाइबनिट्स ह्या गणिती-तत्त्वज्ञाच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त एक स्पर्धा लावली होती: लाइबनिट्सने आकृतीशिवाय भूमिती करण्याच्या एका पद्धतीची कल्पना मांडली होती, ती पुरी करून दाखवा. म्योबिउसने ग्रासमानला भाग घ्यायला सुचवलं. १८४६ मध्ये बक्षीस ग्रासमानला मिळालं. स्पर्धक तो एकटाच होता. निबंध छापताना लोकांना कळावा म्हणून म्योबिउसने त्याला स्वतःची टिप्पणी जोडली.

बक्षिसाच्या जोरावर १८४७ मध्ये ग्रासमानने सरकारी खात्याकडे विद्यापीठातली जागा मागितली. खात्याने अभिप्राय मागवला एर्न्स्ट कुमर ह्या गणिताच्या प्राध्यापकाकडे. कुमरने लिहिलं की मजकूर चांगला आहे, मांडणी सदोष आहे. खात्याला तेवढं पुरलं.

कुमरला खलनायक करण्याचा मोह होतो, पण तो माणूस स्वतः दहा वर्षं लीग्निट्सच्या जिम्नेशियममध्ये शिकवून वर आलेला होता. शाळामास्तरांबद्दल त्याला आकस असण्याचं कारण नव्हतं. आणि ह्याचा पुरावा आहे कार्ल वायरश्ट्रास. तोही आडगावच्या शाळेत मास्तर, गणिताबरोबर सुलेखन आणि कवायत शिकवणारा. १८५४ मध्ये त्याने क्रेलच्या नावाजलेल्या गणिती नियतकालिकात आबेलीय फलनांवर एक लेख छापला. क्योनिग्सबेर्ग विद्यापीठाने त्याला घरबसल्या मानद डॉक्टरेट दिली, आणि दोनच वर्षांत तो बर्लिनला प्राध्यापक झाला. त्यात कुमरचाही हात होता.

मग दोन मास्तरांत फरक काय? वायरश्ट्रासने ज्या प्रश्नाला हात घातला तो त्या काळच्या मोठ्या गणितींच्या मनात आधीच होता. उत्तर पाहताच त्यांना त्याची किंमत कळली. ग्रासमानने एकही जुना, गाजलेला प्रश्न सोडवून दाखवला नव्हता. त्याने एक भाषा तयार केली होती, आणि त्या भाषेत काय बोलता येतं हे पुढे अनेक वर्षांनी लोकांना समजणार होतं. शिवाय त्याच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी नव्हते. होती ती शाळेतली पोरं. विद्यापीठातल्या माणसाचं अवघड पुस्तक त्याचे शिष्य वाचतात, समजावतात, पुढे नेतात. मास्तरचं अवघड पुस्तक गोदामात राहतं.

पॅरिसचा अनुभव तर आणखी कडू. १८४५ मध्ये सँ-व्हनाँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने रेषाखंडांच्या गुणाकाराची तशीच कल्पना छापली. ग्रासमानला त्याचा पत्ता माहीत नव्हता, म्हणून त्याने पुस्तकाच्या दोन प्रती कोशी ह्या नामवंत फ्रेंच गणितीकडे पाठवल्या: एक तुमची, एक त्यांना पोहोचवा. १८५३ मध्ये खुद्द कोशीने 'बैजिक किल्ल्या' नावाची एक पद्धत प्रसिद्ध केली, जी ग्रासमानच्या गुणाकाराशी जुळणारी होती. ग्रासमानने फ्रेंच अकादमीला पत्र लिहिलं. अकादमीने तिघांची समिती नेमली. त्या तिघांत एक कोशी होता. समितीचा निर्णय कधीच आला नाही.

मास्तरचा दिनक्रम

ह्या सगळ्यात माणूस कुढत बसला असेल असं वाटेल, पण ग्रासमानचा पिंड तो नव्हता. १८४८च्या जर्मन क्रांतीच्या उलथापालथीत त्याने भाऊ रॉबेर्टबरोबर वृत्तपत्र काढलं आणि त्यात संविधानाने बांधलेल्या राजेशाहीची बाजू मांडली. १८४९ मध्ये लग्न केलं. पुढे अकरा मुलं झाली, त्यातली सात मोठी झाली. १८५२ मध्ये वडील वारले आणि त्यांच्याच जागेवर तो श्टेटीनच्या जिम्नेशियममध्ये नेमला गेला. त्या जागेला 'प्रोफेसर' ही पदवी होती. प्राध्यापक झाला तो असा, शाळेतला. लोकगीतं गोळा करून तीन आवाजांत बसवायची, चीनमधल्या मिशनकार्यासाठी संस्था चालवायची, वनस्पतींच्या जर्मन नावांचं पुस्तक लिहायचं, हे उद्योग वेगळेच.

१८५३ मध्ये त्याने रंगांवर एक लेख लिहिला. त्याआधीच्या वर्षी हेल्महोल्ट्स ह्या नामवंत जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोग करून सांगितलं होतं, की वर्णपटातले पिवळा आणि निळसर-जांभळा हे दोनच रंग मिसळून पांढरा होतात. ग्रासमानने प्रयोगशाळेत न जाता तर्काने दाखवलं, की हे अपुरं असणार; वर्णपटातल्या प्रत्येक रंगाला जोडीदार हवाच. हेल्महोल्ट्सने पुन्हा प्रयोग केले, आणखी जोड्या सापडल्या. (शुद्ध हिरव्याला वर्णपटात जोडीदार नाही, हेही दिसलं.) रंगांच्या मिश्रणाचे नियम आजही ग्रासमानच्या नावाने ओळखले जातात. रंगांची बेरीज सदिशांसारखी होते, हे त्यांचं सार. मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा ह्या तिघांतून सगळं चित्र उभं राहतं ते ह्याच हिशेबाने. ह्या लेखाची दखल लगेच घेतली गेली. कारण इथे प्रश्न हेल्महोल्ट्सचा होता.

१८६१ मध्ये त्याने शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं आणि त्यात २ + ३ = ३ + २ का, हे सिद्ध करून दाखवलं. 'पुढची संख्या' एवढी एकच कल्पना घेऊन बेरीज आणि गुणाकाराची व्याख्या करायची आणि त्यातून सगळे नियम काढायचे. पेआनो ह्या इटालियन गणितीने १८८९ मध्ये संख्यांची जी प्रसिद्ध गृहीतकं मांडली, त्यात ह्या पुस्तकाचं ऋण त्याने मान्य केलं आहे. शाळेतल्या पोरांचं काय झालं असेल, देव जाणे.

१८६२ मध्ये 'आउसडेनुंग्सलेर' पूर्ण नव्याने लिहून त्याने स्वखर्चाने ३०० प्रती काढल्या. ह्या वेळी तत्त्वज्ञान गाळलं. व्याख्या, प्रमेय, सिद्धता, युक्लिडसारखी कोरडी शिस्त. तरीही कोणी वाचलं नाही. म्हणून मांडणी वाईट होती हे कुमरचं कारण पुरेसं नाही असं मला वाटतं. मांडणी सुधारली, प्रश्न मात्र अजूनही कोणाला पडलेला नव्हता. दोन वर्षांनी जुन्या आवृत्तीची रद्दी झाली.

संस्कृतकडे

चाळिशीच्या सुमारास त्याने संस्कृत शिकायला घेतलं होतं. १८६३ मध्ये त्याने एक लेख छापला, ज्याला आज भाषाशास्त्रात 'ग्रासमानचा नियम' म्हणतात. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलंय त्यांना तो चटकन कळेल.

याकोब ग्रिमने जर्मन आणि संस्कृत ह्यांच्या व्यंजनांचं नातं सांगणारा नियम मांडला होता. त्यानुसार जर्मनमध्ये ब असेल तिथे संस्कृतात भ हवा. म्हणजे भ्रातृ, तर जर्मन 'ब्रूडर'. ठीक. पण संस्कृत 'बन्ध्' (बांधणे) आणि जर्मन 'बिंडेन' घ्या. दोन्हीकडे ब. नियम मोडला. अशी बरीच उदाहरणं होती आणि ती अपवाद म्हणून बाजूला ठेवली जात.

ग्रासमान म्हणाला, हे अपवाद नाहीत. मूळ भाषेत हा धातू 'भन्ध्'सारखा होता, दोन महाप्राण (म्हणजे भ, ध अशी 'ह' मिसळलेली व्यंजनं) असलेला. संस्कृताला एकापाठोपाठ दोन महाप्राण चालत नाहीत. ती पहिल्याचा जोर काढून घेते. म्हणून बन्ध्. पुरावा? भविष्यकाळ करा. धातूतला ध् पुढच्या स् मुळे त् होतो, म्हणजे दुसरा महाप्राण गेला. आणि लगेच पहिला परत येतो: भन्त्स्यति. तसंच बुध्, पण भोत्स्यते. द्वित्वातही (म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं तिथे) तेच: धा धातूचं 'धधाति' न होता दधाति, भू चं 'भभूव' न होता बभूव. ग्रीक भाषेतही अशाच जोड्या सापडतात.

आपल्याकडच्या वैयाकरणाला ह्यात नवल वाटणार नाही. द्वित्वातला महाप्राण जातो हे पाणिनीने 'अभ्यासे चर्च' ह्या सूत्रात सांगितलं आहे, आणि भोत्स्यते मधला भ कसा येतो ते 'एकाचो बशो भष् झषन्तस्य स्ध्वोः' ह्या सूत्रात. पाणिनी रूप कसं सिद्ध होतं ते सांगतो. ग्रासमानने ते इतिहासाच्या मापाने मोजलं. त्याचा निष्कर्ष त्या काळच्या युरोपात महत्त्वाचा ठरला, कारण ह्या एका बाबतीत जर्मन भाषांनी संस्कृतापेक्षा जुनी खूण जपून ठेवलेली दिसली. संस्कृत ही बाकीच्यांची आई नसून थोरली बहीण आहे, ह्या मताला बळ मिळालं. (जाता जाता: मराठी उलटं करते. हिंदीत भूख, भीख. आपण म्हणतो भूक, भीक. पहिला ठेवतो, दुसरा सोडतो. ही वेगळी, फार नंतरची घडामोड आहे, पण एका शब्दात दोन महाप्राण टाळायची खोड ओळखीची वाटते.)

मग कोश. ऋग्वेदात १,०२८ सूक्तं, सुमारे साडेदहा हजार ऋचा. ग्रासमानने त्यातला प्रत्येक शब्द घेतला. त्याची कोणकोणती रूपं येतात, प्रत्येक रूप कुठल्या सूक्तात, कितव्या ऋचेत, कुठल्या अर्थाने, हे सगळं विभक्ती आणि लकारांच्या क्रमाने लावलं. छंदाच्या हिशेबाने एखादं अक्षर फोडून म्हणावं लागतं तिथे तशी नोंद केली. सूक्तांना मंडलं सोडून एक ते १,०२८ असे सलग क्रमांक दिले, आठव्या मंडलातली अकरा वालखिल्य सूक्तं शेवटी टाकली. त्यामुळे आजही नवख्याला त्याचे संदर्भ शोधताना आधी तक्ता पाहावा लागतो. रोट आणि ब्योटलिंक यांचा मोठा संस्कृत कोश हाताशी होता, आउफ्रेख्टने रोमन लिपीत छापलेली संहिता होती. पण शब्दाचं एकेक रूप वेचून मांडणं हे काम एकट्याचं, शाळेचे तास सांभाळून केलेलं. १८७५ पर्यंत कोश पुरा झाला.

कोशाची रचना पाहिली की त्याच्या गणिताची आठवण येते. थोडे मूळ घटक, त्यांच्यापासून होणारी सगळी रूपं, आणि कुठलंही रूप निसटणार नाही अशी मांडणी. फरक इतकाच, की वेदाच्या प्रत्येक अभ्यासकाला दर दिवशी 'हा शब्द आणखी कुठे आलाय?' हा प्रश्न पडत होताच. १८७६ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठाने, रुडॉल्फ रोटच्या पुढाकाराने, त्याला मानद डॉक्टरेट दिली. अमेरिकन ओरिएंटल सोसायटीने सदस्य करून घेतलं. ज्याला गणिताने विद्यापीठाच्या दारात उभं केलं नाही, त्याला वयाच्या ६७व्या वर्षी वेदाने डॉक्टर केलं.

१८७६-७७ मध्ये त्याने संपूर्ण ऋग्वेदाचं जर्मन पद्यात भाषांतरही केलं. ते मात्र कोशाइतकं टिकलं नाही. छंदाच्या ओढीने अर्थ सैल होतो, आणि आपल्याला उशिराची वाटलेली सूक्तं त्याने परिशिष्टात ढकलली. अभ्यासक आज गेल्डनरचं भाषांतर वापरतात.

शेवटच्या दशकात गणिताचंही वारं फिरू लागलं होतं. हांकेल ह्या गणितीने १८६७ मध्ये आपल्या पुस्तकात ग्रासमानचं नाव घेतलं, क्लेब्श आणि फेलिक्स क्लाइन या गणितींना तो माहीत झाला, १८७१ मध्ये ग्योटिंगेनच्या अकादमीने त्याला सदस्यत्व दिलं. जुनं १८४४चं पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं. त्याची तयारी त्याने केली, पण ते १८७८ मध्ये बाहेर पडलं तेव्हा तो नव्हता. २६ सप्टेंबर १८७७ रोजी हृदयविकाराने तो गेला.

त्यानंतरचा प्रवास वेगात झाला. इंग्रज गणिती क्लिफर्डने १८७८ मध्ये ग्रासमानचं बीजगणित आणि हॅमिल्टनच्या चतुर्दलांची (क्वाटर्निअन, म्हणजे चार घटकांच्या संख्या) सांगड घातली. पेआनोने १८८८ मध्ये त्याच्या पुस्तकाच्या आधाराने सदिश-अवकाशाची आज वापरतो तशी व्याख्या दिली. अमेरिकेत गिब्स आपली सदिश-पद्धत स्वतंत्रपणे बांधत होता. ग्रासमान वाचल्यावर त्याने त्याचं मोठेपण जाहीरपणे मांडलं, आणि तो जुना भरती-ओहोटीचा निबंध छापावा म्हणून आग्रह धरला. एली कार्ताँने उलट्या चिन्हाच्या गुणाकारावर कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) नवी इमारत बांधली. विसाव्या शतकात तर भौतिकशास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉनसारखे कण लिहायला नेमक्या अशाच राशी लागल्या, ज्यांचा स्वतःशी गुणाकार शून्य आहे. त्यांना 'ग्रासमान संख्या' म्हणतात. मुलगा हेर्मान धाकटा गीसेन विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला.

मूळ वाचायची कोणाला हौस असेल तर लॉइड कॅननबर्ग यांनी दोन्ही आवृत्त्यांची इंग्रजी भाषांतरं केली आहेत. लोक कौतुकाने १८४४ची उचलतात आणि प्रस्तावनेतच अडकतात. माझा सल्ला, आधी १८६२ची घ्या, तीही वही-पेन्सिल घेऊन, १८४४ची नंतर. कोशाची १९९६ मधली सुधारलेली आवृत्ती मारिया कोझियांका यांनी संपादित केली आहे आणि मूळ कोश इंटरनेटवर शोधता येण्याजोगा आहे. 'बन्ध्' पासून सुरुवात करायला हरकत नाही.